खात्यातल्या पैशावर किती हात

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आमच्या सोसायटीच्या सभेत ठराव झाला: यंदा वर्गणी फक्त मोबाइलवरून, रोख नाही. ठाण्यात चरईतली जुनी तीन मजली इमारत, बावीस बिऱ्हाडं, खाली चार गाळे. खजिनदारांचं म्हणणं रास्तच होतं. चिल्लर मोजायची, फाटक्या नोटा वेगळ्या काढायच्या, पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती आणि डब्यातली रक्कम यांचा मेळ घालत रात्री जागवायच्या, हे सगळं दरवर्षी ते एकटे निस्तरत होते. जिन्याखाली क्यूआरचा कागद चिकटवला की सुटलो, असं ते म्हणाले. ठरावाच्या बाजूने मीही हात वर केला.

विसर्जनानंतर हिशेब वाचला गेला. रक्कम आदल्या वर्षीपेक्षा जास्तच निघाली. वर्गणी न आलेल्यांची नावं ऐकून मात्र मी चपापले. दरवर्षी बेल वाजवली की आतून टीव्हीचा आवाज बारीक करणारं दुसऱ्या मजल्यावरचं कुटुंब त्यात नव्हतंच. त्यांनी एकशे एक पाठवून ग्रुपवर स्क्रीनशॉटही टाकला होता. यादीत होते आमचे वॉचमन काका, गाळ्यातले इस्त्रीवाले, तळमजल्यावरच्या आजी आणि इमारतीत चार घरी काम करणाऱ्या मावशी. या मावशी इथे राहत नाहीत, तरी दरवर्षी एक्कावन्न रुपये देतात आणि पावती मागून घेतात. ती पावती त्यांच्या घरी देव्हाऱ्यामागे खोचलेली असते, हे मला नंतर कळलं.

चौघांकडेही फोन आहे. तिघांकडे तर चांगला मोठा स्मार्टफोन. मग अडलं कुठे?

या प्रश्नाची तयार उत्तरं आपल्या खिशात असतात. लोकांना सवय नाही, शिकलेले नाहीत, घाबरतात, हळूहळू येतील. आकडेही याच बाजूचे वाटतात. यूपीआय एप्रिल 2016 मध्ये चाचणीसाठी सुरू झालं, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी आली, आणि ऑगस्ट 2025 या एका महिन्यात या यंत्रणेवरून 2000 कोटींहून जास्त व्यवहार झाले. एवढा पसारा समोर असताना कुणी अडथळ्यांबद्दल बोललं तर ते रडगाणं वाटतं. पण त्याच काळात चलनातली रोकडही वाढली. नोटाबंदीच्या वेळी ती 18 लाख कोटींच्या आसपास होती, आता 35 लाख कोटींच्या वर आहे. फोन आला आणि रोख गेली, असं काही झालेलं नाही. दोन्ही वाढले. कोण कुठला पैसा कशासाठी वापरतं, हे बघायला गेलं की सवय आणि शिक्षण ही कारणं फार पुरत नाहीत.

मावशींपासून सुरू करते, कारण त्यांनीच मला पहिल्यांदा गप्प केलं. महिन्याचा पगार मी त्यांना फोनवरून पाठवू लागले होते. मला एटीएमची खेप वाचायची. दोन महिन्यांनी त्या म्हणाल्या, "ताई, पगार हातात द्या." मी म्हटलं, अहो, खात्यात सुरक्षित राहतात. त्या हसल्या. खातं त्यांच्या नावाचं, पण त्याला जोडलेला नंबर नवऱ्याच्या फोनमधला. पैसे आले की मेसेज त्याला जातो, आणि संध्याकाळी मावशी घरी पोचेपर्यंत त्यातले काही गेलेले असतात. हातात मिळाले तर वाटेत शंभर-दोनशे बाजूला काढून पिठाच्या डब्यात जातात. आपल्या आया-आज्यांनी हेच केलं. डाळीच्या डब्यातली गाठोडी कुठल्याही बँकेच्या हिशेबात नव्हती, आणि घरावर वेळ आली की तीच उपयोगी पडली. फोनवरचा पैसा बोलतो. तो आला की कुणाला तरी कळतं. ज्या बाईला घरात चार पैसे गुपचूप राखायचे आहेत तिला हे परवडणारं नाही, आणि डिजिटल साक्षरतेच्या कुठल्याही वर्गात यावर उपाय शिकवत नाहीत. वर्गणीचंही तसंच झालं असणार. पिठाच्या डब्यातले एक्कावन्न रुपये क्यूआरवर कसे टाकणार?

इस्त्रीवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या टेबलावर क्यूआर आहे, बोलकी पेटीही आहे. तरी कपडे घेताना ते हळूच विचारतात, "कॅश असेल तर बघा ना." त्यांनी मुलाच्या दुचाकीसाठी कर्ज घेतलंय आणि हप्ता थेट खात्यातून कापला जातो. एका महिन्यात शिल्लक कमी पडली. हप्ता परत गेला, त्याचा दंड बँकेने लावला, वर कर्ज देणाऱ्यानेही लावला. त्यानंतर खात्यात दहा-वीस रुपये करत जे काही जमत होतं ते आधी दंडात आणि मग पुन्हा प्रयत्न झालेल्या हप्त्यात गेलं. दिवसभर इस्त्री फिरवून पेटीने "रुपये साठ प्राप्त झाले" असं पन्नास वेळा सांगितलं, पण संध्याकाळी कोळशाला पैसे नाहीत. रोख असती तर आधी कोळसा, मग दूध, मग हप्तेवाल्याशी बोलणी. कुठलं देणं आधी भागवायचं हे ठरवण्याची मुभा गरीब माणसाकडे असलेल्या मोजक्या सत्तांपैकी एक आहे. पैसा खात्यात पडला की ती मुभा जाते.

ठाणे स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षांच्या रांगेतही हाच हिशेब चालतो. तिथे तर वेळेचाही प्रश्न आहे: तिघे उतरणार, तिघांची वेगवेगळी ॲप, मागे हॉर्न वाजवणारी पाच रिक्षांची रांग, आणि एकाचं "पेंडिंग" दाखवतंय. पण एकदा एका रिक्षावाल्याने मोकळेपणाने सांगितलं की गाडी भाड्याची आहे आणि रात्री मालकाला शिफ्टचे पैसे रोख द्यावे लागतात. दिवसभर सगळ्यांनी फोनवर पैसे टाकले तर रात्री त्याने एटीएम शोधत फिरायचं. साखळीत वरचा माणूस रोख मागत असेल तर खालच्याने फोन लावून काय उपयोग? "नेटवर्क नाही" हे आपल्याला ऐकवलं जाणारं कारण असतं. कधी खरं, पुष्कळदा सभ्यपणाने दिलेला नकार.

पावसाच्या सुरुवातीला जांभळी नाक्याच्या बाजारात शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी बाया रानभाज्या घेऊन बसतात. शेवळं, सोबत काकडं, मग पुढे टाकळा, कंटोली. यंदा एकीच्या टोपलीला क्यूआरचा कागद टेकवलेला बघून मला कौतुक वाटलं. "मावशी, स्कॅनर घेतलात!" तर म्हणाली, "माझा न्हाय, भाच्याचा हाय." पैसे भाच्याच्या खात्यात जातात. तो गावी आहे, आठवड्याने देतो. कधी देतो, कधी "त्यात वजा केलं" म्हणतो. तिच्याकडे बटणांचा फोन आहे आणि त्यावरही पैसे घेता-देता येतात, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. इंटरनेटशिवाय चालणारी *99# ही सोय 2014 पासून देशभर आहे, मराठीतही आहे. साध्या फोनसाठीच आणलेली यूपीआय 123पे मार्च 2022 पासून आहे. मी घरी येऊन *99# हौसेने करून पाहिलं. आकडे दाबत मेन्यूत शिरायचं, समोरच्याचा नंबर लिहायचा, आणि जरा विचार करत थांबलात की सत्र संपतं, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या प्रयत्नात माझे दहा रुपये माझ्याच दुसऱ्या खात्यात गेले. समोर गिऱ्हाईक, मांडीवर टोपली आणि दुपारची गाडी गाठायची घाई असलेल्या बाईने हे करावं, अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने एकदा तिच्या शेजारी बसून दाखवावं.

आता जरा वरच्या थरात, वाशीच्या मार्केट यार्डात. तिथले मोठे व्यवहार आधीपासूनच बँकेतून होतात, आणि यूपीआयची दिवसाची साधारण एक लाखाची मर्यादा घाऊक व्यापाऱ्याला तशीही पुरत नाही, म्हणून त्यांचं सोडा. बाजारातून माल उचलून सेक्टरच्या कोपऱ्यावर गाडी लावणाऱ्या किरकोळ विक्रेत्यांची भीती निराळी आहे. त्यांच्यात एक शब्द फिरतो: "खातं फ्रीज झालं." कुणीतरी कुठेतरी सायबर फसवणुकीची तक्रार करतो. तपास करताना तो पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला ती सगळी खाती थांबवण्याचे आदेश निघतात. त्या साखळीतल्या कुणीतरी तुमच्याकडून दोन किलो आंबे घेतले असतील तर साखळीत तुम्हीही आलात. ही अफवा नाही. 2023 मध्ये केरळात अशाच कारणाने कितीतरी छोट्या दुकानदारांची खाती गोठली, लोक उच्च न्यायालयात गेले, आणि गोठवायचं तर वादातली तेवढीच रक्कम गोठवा, असं न्यायालयाला सांगावं लागलं. आंबे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाचा पैसा कुठून आला हे कसं तपासायचं? नोट घेताना तो ती उजेडात धरून बघू शकतो. फोनवरून आलेला पैसा कुठल्या उजेडात धरणार?

आणि बंगळुरूची गोष्ट बघा. जुलै 2025 मध्ये तिथल्या व्यापारी कर खात्याने यूपीआयवर जमलेल्या रकमा बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या आणि पाहता पाहता दुकानांवर "यूपीआय नाही, फक्त कॅश" अशा पाट्या लागल्या. इथे मी दुकानदारांची सरसकट बाजू घेणार नाही. वर्षाला मालाची 40 लाखांच्या वर उलाढाल असेल तर नोंदणी करायला हवी, हा कायदा आहे. पगारदार माणसाचा कर महिन्याच्या महिन्याला कापला जातो आणि कोपऱ्यावरचं भरभराटीचं दुकान रोखीच्या आड लपतं, याची चीड मलाही येते. पण खात्यात आलेला प्रत्येक रुपया ही विक्री नसते. त्यात मेहुण्याने परत केलेले उसने असतात, भिशीचे असतात, शेजाऱ्यासाठी घेतलेले असतात, आणि दूध-भाजीसारखा करमुक्त मालही असतो. हे सिद्ध करायचं काम कुणावर पडलं? ज्याच्याकडे वही नाही, सीए नाही, आणि दुकान बंद ठेवून खेटे घालायला मोकळा दिवस नाही, त्याच्यावर.

एवढे सगळे हात एका खात्यावर: नवरा, भाचा, हप्तेवाला, बँकेचा दंड, तपास यंत्रणा, कर खातं. यातले काही हात न्याय्य आहेत, काही अन्याय्य. पण खातेदाराला ते सारखेच दिसतात, कारण कुणीच आधी विचारत नाही आणि नंतर कुणाला विचारायचं ते ठाऊक नसतं. रोख घेऊन चालणाऱ्याला आपण मागासलेला म्हणतो, तेव्हा तो हा हिशेब मनात करून मोकळा झालेला असतो.

मला स्वतःला हे कळायला एक छोटा झटका बसावा लागला. नौपाड्यातल्या एका औषधाच्या दुकानात मी 1840 रुपये फोनवरून दिले. माझ्या खात्यातून गेले, दुकानदाराला पोचले नाहीत. पेटी गप्प. मागे रांग. मी रोख देऊन औषधं घेतली आणि घरी आले. ॲपच्या मदत केंद्रात रेकॉर्ड केलेला आवाज बँकेला विचारा म्हणाला. बँकेत गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, ॲपवाल्यांना विचारा. पैसे नवव्या दिवशी आपोआप परत आले. नंतर वाचनात आलं की रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2019 चा नियम आहे: दुकानदाराला दिलेले पैसे असे अडकले तर पाच दिवसांत परत यायला हवेत, आणि उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. माझे चारशे रुपये व्हायचे. ते घ्यायला मी पुन्हा त्याच काउंटरवर गेले. त्या मुलीने हा नियम ऐकलेलाच नव्हता. तिने बिचारीने आतल्या साहेबांना विचारलं, साहेबांनी "बघतो" म्हटलं. अजून बघताहेत. मला मराठी-इंग्रजी वाचता येतं, तक्रार लिहिता येते, सकाळी अकराला बँकेत जायला सवड आहे, तरी ही गत. वॉचमन काकांचे 1840 अडकले असते तर? त्यांच्या पगाराचा तो केवढा तुकडा आहे! भाषेचंही बघा ना. पैसे आल्याचं पेटी खणखणीत मराठीत सांगते. पैसे अडकल्याचा मेसेज मात्र इंग्रजीत येतो.

हे असं का, याचं एक कारण साधं आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. 1 जानेवारी 2020 पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. ते चांगलंच झालं, नाहीतर कोथिंबिरीच्या जुडीवर कोण शुल्क देणार. सरकार त्याबदल्यात बँकांना प्रोत्साहन म्हणून रक्कम देतं. 2024-25 साठी सुमारे 1500 कोटी ठरले होते. पण व्यवहारामागे काही सुटत नसेल तर साठ रुपयांच्या तक्रारीसाठी माणूस कोण बसवणार? म्हणून व्यवहार फुकट आणि दादही नाही, अशी गाठ बसली आहे. केनियात 2007 मध्ये मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा ही सोय सुरू झाली ती साध्या फोनवर, पण कोपऱ्या-कोपऱ्यावर एजंट बसवून. रोख देऊन फोनमध्ये पैसे भरायचे आणि फोनमधले काढून रोख घ्यायची, तर समोर एक ओळखीचा माणूस. आपण ॲप पोचवलं, माणूस पोचवला नाही. ग्राहक शोधायला आणि पेटी बसवायला मात्र गल्लीत पोरं फिरतात. पेटीचं भाडं कापायचंही कुणी विसरत नाही.

फसवणुकीचं तेच. तळमजल्याच्या आजींना मुलाने सगळं शिकवलं होतं. मग एक दिवस "वीज कापली जाईल" असा फोन आला, आजींनी सांगितलं तसं केलं, पिन स्वतः टाकला. साडेचार हजार गेले. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी 1930 वर फोन करायचा असतो हे कळेपर्यंत संध्याकाळ झाली. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार तुमची चूक नसताना, तुमच्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर बोजा नाही. पण पिन आजींनीच टाकला, म्हणजे परवानगी त्यांची. चोराने फसवून घेतलेली परवानगीही परवानगीच. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 2024 पासून याबाबत निराळा विचार झाला: फसवून पाठवायला लावलेले पैसे ग्राहकाला बँकेने परत द्यायचे, 85 हजार पौंडांपर्यंत, आणि तो भार पाठवणाऱ्या व घेणाऱ्या बँकेने निम्मा-निम्मा उचलायचा. बोजा बँकेवर पडला की चोरांची खाती उघडतानाच ती डोळे उघडे ठेवते. आजींवर पडला तर आजी फोन कपाटात ठेवतात. आमच्या आजींनी ठेवला. आता मुलाने यूपीआय सर्कल की काय ते करून द्यायचं म्हटलंय, त्यात आजींनी पैसे द्यायचे, ते जाणार त्याच्या खात्यातून, आणि मान्यताही त्यानेच द्यायची. आजी म्हणाल्या, "म्हणजे माझ्या खर्चाला आता त्याची परवानगी." मला यावर उत्तर सुचलं नाही.

माझं म्हणणं फोन सोडा असं नाही. मी स्वतः पाकीट विसरून बेलापूरपर्यंत जाऊन येते. पण प्रसार करणाऱ्यांनी शिबिरं आणि जाहिराती जरा थांबवून जबाबदारीची वाटणी आधी करावी. खातं गोठवायचं तर वादातली रक्कमच गोठवा. अडकलेल्या पैशाचा शंभर रुपयांचा नियम प्रत्येक शाखेत आणि प्रत्येक ॲपच्या पहिल्या पानावर मराठीत लावा. हप्ता परत गेल्यावर दंडावर दंड चढवणं थांबवा. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात, मोठ्या मंडईत आठवड्याचे दोन दिवस तक्रार ऐकून घेणारा माणूस बसवा. त्याचा खर्च त्या प्रोत्साहनाच्या रकमेतून निघेल. आणि हे होईपर्यंत शाळेच्या फीपासून दवाखान्याच्या केसपेपरपर्यंत कुठेही "रोख घेणार नाही" अशी पाटी लागू नये. कारण ती पाटी टाळाटाळ करणाऱ्याला अडवत नाही, हे आमच्या जिन्याखाली सिद्ध झालंय.

यंदाच्या सभेत मी ठराव बदलायला सांगितलं. खजिनदार चिडले आणि त्यांचं चिडणं मला पटलंही, म्हणून पावतीपुस्तक माझ्या गळ्यात पडलं. क्यूआरचा कागद जिन्याखाली आहेच. मी रविवारी डबा घेऊन खालून वर गेले. इस्त्रीवाल्यांनी शंभराची नोट दिली, वॉचमन काकांनी वीस-वीसच्या नोटा आणि एक नाणं. मावशींनी पिशवीतल्या रुमालाची गाठ सोडली, एक्कावन्न मोजले आणि विचारलं, गेल्या वर्षीची पावती आता फाडून देता येईल का, त्या वर्षाची जागा देव्हाऱ्यामागे रिकामी राहिलीये. जुनं पुस्तक संपलेलं होतं. मी नव्या पुस्तकातून दोन पावत्या फाडल्या, एकीवर गेल्या वर्षाची तारीख घातली. खजिनदारांना अजून सांगितलेलं नाही. मेळ यंदाही जुळायचा नाही.